अकराव्या माणसाचं दार

घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी खोलीतून बाहेर कसं पडायचं ते दाखवलं.

जुईनगरच्या त्या रो-हाऊसच्या मागच्या अंगाला ही खोली होती. पंखा कसा आहे, पाणी किती वाजता येतं, असे प्रश्न मी सांगलीहून निघतानाच तयार करून आणले होते. ते विचारायची संधी न देता काकांनी मला खिडकीशी नेलं. ग्रिलला त्यांनी बिजागऱ्या लावून घेतल्या होत्या. कडी काढून ते दारासारखं बाहेर ढकललं आणि म्हणाले, "इथून उडी मारायची. खाली माती हाय. मी स्वतः मारून बघितलीय."

तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं.

मी पाण्याचं विचारलं. "पानी सकाळी येतं," ते म्हणाले. "आग कधी येईल ते सांगता येत नाय."

काका मूळचे खाडीकाठच्या गावातले. शहर वसलं तेव्हा भातशेती गेली आणि त्यांना नावड्याच्या पलीकडच्या एका केमिकल कारखान्यात नोकरी लागली. हेल्पर म्हणून लागले आणि सेफ्टी ऑफिसर होऊन रिटायर झाले. कारखाना सुटला, पण सेफ्टी सुटली नाही. लग्नाला गेले की नवरा-नवरीला भेटायच्या आधी हॉलची दारं मोजून येत. एका लग्नात त्यांनी वधूपित्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चारशे माणूस आनि दोन दारं. मुलगी चांगल्या घरी पडलीय, पन हॉल बरोबर नाय."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता घरात सायरन वाजे. मग काकू गॅस बंद करून आणि मी लॅपटॉप मिटून समोरच्या बदामाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहायचो. काका हातात रजिस्टर घेऊन हजेरी घेत. एकूण तीन नावं होती, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. स्वतःचं नाव पुकारून ते स्वतःच "हजर" म्हणत आणि टिक करत. समोरून जाणारे लोक आता बघतही नसत. काकू मात्र दर वेळी म्हणायच्या, "जाळ लागंल त्या दिवशी हा मानूस आदी पेन शोधंल."

त्यांच्याकडे एक वही होती. जे घडता घडता राहिलं ते तिच्यात लिहायचं, असा कारखान्यातला नियम त्यांनी घरी आणला होता. एकदा चुकून ती माझ्या हाती पडली. 'मिसेस. ओली फरशी. उजवा पाय. थोडक्यात वाचली.' त्याच्या खाली, 'भाडेकरू. इस्त्री चालू ठेवून फोनवर. नऊ मिनिटं.' त्या दिवसापासून मी इस्त्री केलीच नाही, कपडे तसेच घालू लागले.

मी तेव्हा एका वेबसाइटसाठी सिनेमांची परीक्षणं लिहायचे. परीक्षण म्हणजे दोन रकाने, 'काय आवडलं' आणि 'काय खटकलं', प्रत्येकी तीन-चार मुद्दे आणि खाली तारे. एका सोमवारी संपादकांचा मेसेज आला. एका भयपटाचं करायचं होतं, व्हिडिओ गेमवरून काढलेल्या. 'गेमशी तुलना हवी. गेमवाले फार कॉमेंट करतात.'

मी आयुष्यात कधी गेम खेळले नव्हते. पण रोज दुपारी जेवणं झाली की काकांच्या हॉलमधून एका बाईचा धापा टाकण्याचा आवाज यायचा, मधूनच काहीतरी गुरगुरायचं आणि मग काकू ओरडायच्या, "आवाज कमी करा, शेजारची काय म्हनतील!" मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली तेव्हा तिचं गेमचं मशीन इथेच राहिलं होतं. इतके दिवस तो आवाज मी सोडून दिला होता. त्या दिवशी मात्र सिनेमाचं नाव घेऊन दारात उभी राहिले आणि काकांनी टीव्हीवर नजर ठेवूनच विचारलं, "कंचा? बर्फाच्या कारखान्याचा? तोच तर चाललाय."

नशीब असं माझं.

गेम असा होता. समुद्रात एका बेटावर मासळी साठवायचा बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज. त्यात अकरा कामगार अडकलेत. त्यांना शोधायला एक इन्स्पेक्टर बाई एकटीच जाते, हातात टॉर्च. आणि आत काहीतरी आहे. त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बाकीची दुनिया हा गेम आठ-दहा तासांत संपवते, असं मी नेटवर वाचलं. काका चौदा महिने खेळत होते.

कारण ते तो सेफ्टी ऑफिसरसारखा खेळत. पहिल्या खोलीत शिरल्यावर त्यांनी भिंतीवरची सूचना पूर्ण वाचली. अग्निशामक सिलिंडरवरची तारीख बघितली. "एक्स्पायर हाय," मला दाखवत म्हणाले. "बनवनाऱ्यानं मुद्दाम टाकलंय. शानं मानूस हाय." बाईला बंदूक मिळते, ती त्यांनी कधी उचललीच नाही. प्रत्येक दाराशी थांबायचं, कान लावायचा, मग बटण दाबून धरायचं. जितका वेळ बटण दाबून धरू तितकं दार हळू उघडतं आणि आवाज कमी होतो.

"घे," म्हणून त्यांनी एकदा रिमोट माझ्या हातात दिला. मी दाराशी बाई नेली. अंगठा बटणावर ठेवला आणि मला तो दाबवेना. टीव्हीवर नुसतं एक गंजलेलं दार होतं, बाहेर भरदुपार, स्वयंपाकघरात काकू कुकरची शिट्टी मोजत होत्या, आणि मी अंगठा उचलून घेतला.

"कळलं?" काका म्हणाले. "शिनेमात दार डायरेक्टर उघडतो. आपन खुर्चीत. इथं दार मी उघडतो. आतला मेला तर माझ्या अंगठ्यानं मेला. भीती त्या जनावराची नसते, पोरी. आपल्या अंगठ्याची असते."

मी ते वाक्य तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून घेतलं. परीक्षणाला तयार मुद्दा मिळाला, याचाच मला आनंद झाला होता.

चौदा महिन्यांत काकांनी अकरापैकी दहा माणसं बाहेर काढली होती. अकरावा सर्वांत आतल्या फ्रीझरमध्ये असतो. बाई दाराशी पोचते, आतून ठोकल्याचा आवाज येतो, पण दार काही केल्या उघडत नाही. मी नेटवर शोधून त्यांना सांगितलं, "काका, तो वाचत नाहीच. बनवणाऱ्यांनीच तसं ठेवलंय. सगळे तिथून पुढे जातात."

"म्हाईत हाय," ते म्हणाले आणि पुन्हा त्या दाराशी गेले.

सिनेमाला आम्ही तिघं गेलो, वाशीच्या बाजूला एका मॉलमध्ये, दुपारच्या खेळाला. काकूंना असले सिनेमे आवडत नाहीत. त्या एसीसाठी आल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात वही होती.

जाहिराती सुरू असताना ते उठून पडद्याशेजारच्या दाराकडे गेले. वर हिरव्या दिव्यात बाहेर पळणारा माणूस होता. दार मात्र अर्धंच उघडत होतं. पलीकडे कोणीतरी पॉपकॉर्नचे रिकामे खोके रचून ठेवले होते आणि त्यांच्यावर जुन्या सिनेमाचा पुठ्ठ्याचा हिरो आडवा टाकला होता. काका बाहेर जाऊन मॅनेजरला घेऊन आले. तो अगदी गोड माणूस होता. "सर, शो संपला की लगेच काढतो."

"आग शो संपायची वाट बघंल काय?"

"सर, लोक डिस्टर्ब होतायत."

"होऊ दे. जिवंत हायेत तोवर होतील."

मागून कोणी शिट्टी मारली. काही जणांना वाटलं, ही सिनेमाचीच जाहिरात चालली आहे. एका मुलीने व्हिडिओ काढायला सुरुवात केली. मी खुर्चीत खाली सरकत सरकत जवळजवळ जमिनीवर आले होते. काकू शांतपणे म्हणाल्या, "बस सरळ. ते आता नाय ऐकनार." शेवटी दोन कर्मचारी आले, खोके निघाले, पुठ्ठ्याचा हिरो पाय धरून ओढत नेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या टिंगलीच्या होत्या. काकांनी त्या हात वर करून स्वीकारल्या, दार दोनदा पूर्ण उघडून बघितलं आणि मगच येऊन बसले.

सिनेमा तसा वाईट नव्हता. छतावरून पाण्याचा थेंब पडतो तो आवाज इतका नेमका होता की शेजारच्या माणसाने वर बघितलं. बाईचं काम करणारी नटी घाबरल्यावर किंचाळत नाही, तिचा खालचा ओठ नुसता आत जातो, ते मला फार आवडलं. आणि गेममध्ये जे कामगार नुसते आकडे आहेत त्यांना सिनेमाने नावं दिली होती. एकाच्या डब्यात बायकोने दिलेली चिठ्ठीसुद्धा होती.

पण काका खदखदत होते. "एकटी आत गेली आनि बाहेर कोनाला सांगून नाय गेली." थोड्या वेळाने, "टॉर्चची बॅटरी संपतच नाय हिच्या." जनावर मध्यंतराच्या आधीच पूर्ण दाखवलं तेव्हा तर त्यांनी कपाळावर हात मारला. "तोंड दाखवलं! आता कशाला भ्यायचं? आता तो ओळखीचा झाला." भीतीच्या आधी संगीत वाजायचं, त्यावर त्यांचं म्हणणं होतं की खऱ्या ठिकाणी असा एक वाजवणारा ठेवला असता तर एकही अपघात झाला नसता.

मग अकरावा माणूस आला. तेच दार, तोच ठोकल्याचा आवाज. मी काकांकडे बघितलं, ते पुढे सरकून बसले होते. पडद्यावर बाईने खांदा लावला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दार धाडकन उघडलं. आतला माणूस धडपडत बाहेर आला आणि तिच्या गळ्यात पडला. मागे सूर्य. संगीत. लोकांनी खऱ्या टाळ्या वाजवल्या.

काका उठले आणि खोके काढून मोकळ्या केलेल्या त्याच दाराने निघून गेले. मी काकूंना 'चला' म्हणणार होते, पण त्या पदराने डोळे पुसत बसल्या होत्या. श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

घरी आल्यावर काकांनी मला चौदा त्रुटी क्रमांक घालून लिहून दिल्या. पहिलीच होती, 'शेवट. दार उघडणे. हे खोटे आहे.' खाली दोन रेघा.

"पण काका, सिनेमा आहे. लोकांना बरं वाटायला..."

"दोन मिनिटांत!" ते एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले. "चौदा महिने झाले मना! आनि ती बाई दोन मिनिटांत खांद्यानं उघडते? असं उघडलं असतं तर..." ते वर निघून गेले.

काकू स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी समोर पाट घेऊन बसले. त्यांनीच सांगितलं, मान खाली घालून, कोलंबीमागून कोलंबी सोलत.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याच्या मागच्या गोडाऊनला दोन दारं होती. माल चोरीला जातो म्हणून मॅनेजरने मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. काकांनी कुलूप काढा म्हणून तीनदा लेखी दिलं. महिनाअखेरचा तपासणीचा कागद आला, त्यात ओळ होती, सर्व दारे मोकळी आहेत. मॅनेजर म्हणाला, "सही करून टाका, सोमवारी काढतो कुलूप." काकांनी केली. शुक्रवारी भर दुपारी गोडाऊन पेटलं. आत दिघ्याचा एक कामगार होता, बत्तीस वर्षांचा. पुढच्या दारात आग होती. तो मागच्या दाराशी आला. कुलपाची किल्ली मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर बाहेर जेवायला. काका पहार घेऊन दाराशी झटत होते. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. मग यायचा थांबला.

"चौकशी झाली," काकू म्हणाल्या. "कागद बघितला. सगली दारं मोकली, खाली यांची सही. म्हनजे कुलूप नव्हतंच! कंपनी सुटली. हेबी सुटले. यांची तीन पत्रं कुटं गेली कोनाला म्हाईत. पुडच्या वर्सी शाल नि नारल दिला यांना, चांगली सेफ्टी ठेवली म्हनून." त्यांनी हात धुतले. "तू लिव काय लिवायचं ते, बाय. खोटा हाय तर हाय शेवट. पन मना बरं वाटलं. एकदा तरी आला ना तो भायेर."

मी त्या दिवशी परीक्षण लिहिलं. 'काय खटकलं'मध्ये पहिला मुद्दा, शेवट. 'काय आवडलं'मध्येही शेवटचा मुद्दा, शेवट. एका प्रेक्षक बाईंचं वाक्य म्हणून काकूंचं वाक्य जसंच्या तसं घातलं. संपादकांचा फोन आला. "एकच गोष्ट दोन्ही रकान्यांत कशी येईल? एक काढ." मी म्हटलं, दोन्ही खरं आहे. ते म्हणाले, "वाचक कन्फ्यूज होतो." परीक्षण साइटवर आलं तेव्हा काकूंचं वाक्य नव्हतं. अडीच तारे होते. गेमवाल्यांनी खूश होऊन कॉमेंट्स केल्या होत्या.

काकांनी ते माझ्या फोनवर चष्मा लावून वाचलं. त्यांच्या चौदापैकी सात त्रुटी आल्या होत्या, त्यामुळे मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी वरून खाली आणि परत खालून वर वाचलं.

"हिचं वाक्य कुठं हाय? तू घातलंस म्हनून सांगत होती."

"मी लिहिलं होतं काका. संपादकांनी काढलं."

"आनि खाली नाव कोनाचं?"

"माझं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? नोकरी आहे," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि फोन माझ्या हातात परत दिला. रागावले असतील असं मला वाटलं. पण रागावलेले नव्हते. "मीबी हेच बोललो होतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते माझ्या दाराशी उभे होते. "दिघ्याला यायचं का? काकू नको म्हनते. ती म्हनते, आता कशाला. म्हनून मी एकटाच चाललो होतो. पन एकट्यानं जायचं धाडस होत नाय."

मला सुट्टी नव्हती. मी गेले.

दिघ्याची ती चाळ शोधायला वेळ लागला नाही. पत्ता त्यांना तोंडपाठ होता. अकरा वर्षांत ते गल्लीच्या तोंडापर्यंत कितीतरी वेळा आले होते, असं त्यांनी रिक्षात सांगितलं. पुढच्या खोलीत त्या कामगाराच्या पत्नी शिवणमशीनवर शाळेचे गणवेश शिवत होत्या. पन्नाशीच्या आतल्याच, केस मात्र बरेच पांढरे. काकांना त्यांनी लगेच ओळखलं. पाय थांबला, मशीन थांबलं.

"बसा," त्या म्हणाल्या. काका बसले नाहीत.

त्यांनी सगळं उभ्यानेच सांगितलं. कुलूप, तीन पत्रं, कागद, सही. पत्रांवर त्यांनी जोर दिला नाही, सहीवर दिला. सांगताना त्यांचे हात दोन्ही बाजूंना सरळ होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. बाई गणवेशाच्या खिशाची कड बोटांनी दुमडत ऐकत राहिल्या.

"मला म्हाईत हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "चौकशीत कागद दावला व्हता मला. सही बघितली म्या. ह्यो मानूस येक दिवस यील, आसं वाटलं व्हतं. लई उशीर केलासा."

"हो."

"माफ केलं आसं काय म्हननार न्हाई मी."

"नका म्हनू," काका म्हणाले. "त्याच्यासाठी नाय आलो."

बाहेर कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू झाला आणि बंद झाला. बाईंनी मला पाणी दिलं, मग काकांना दिलं. काकांनी ते एका घोटात संपवलं.

"अकरा वर्सं न्हाई आला," बाई म्हणाल्या. "आन आजच का?"

काकांनी रिकामा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणून मीच सांगितलं. एक सिनेमा आलाय, त्यात बर्फाच्या कारखान्यात माणसं अडकतात, एक माणूस बंद दाराच्या आत असतो, असं काहीतरी. सांगताना माझंच मला ते फार बावळट वाटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी काकांना विचारलं, "त्यात सुटतो का त्यो?"

"सुटतो," काका म्हणाले. "पन खोटं हाय ते. दार असं उघडत नसतं."

"ते मला सांगू नगासा."

बाईंनी हातातला गणवेश मशीनखाली सरकवला, सुईखाली कड नीट लावली आणि चाकावर हात ठेवून विचारलं, "कुटं लागलाय शिनेमा?"